पडत्या ठोकळ्यांचा खेळ

सोंगट्यांचा पट प्रथम कोणीं मांडला, बुद्धिबळाचा पहिला डाव कोणत्या दोघांत झाला, पत्त्यांची बावन पानें पहिल्यांदा कोणीं पिसलीं, हें कोणासहि सांगतां येत नाहीं. पिढ्यान् पिढ्या घरांत वावरलेल्या खेळांना जन्मतिथि नसते आणि जन्मदाताहि नसतो. नदींतल्या गोट्यांप्रमाणें ते वाहत वाहत गुळगुळीत होऊन आलेले असतात. म्हणूनच सारीपाट मांडणाऱ्यानें कोणाची परवानगी काढली आहे कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याहि न्यायासनापुढें आलेला नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र असा एक खेळ जगांत आला कीं, त्याच्या साधेपणाकडे पाहतां तो सोंगट्यांइतकाच जुना वाटावा. परंतु त्याचें वर्ष, शहर, कचेरी आणि कर्ता हीं सारीं ठाऊक आहेत, आणि त्याच्या मालकीसाठीं परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले तीन व्यापारी एकाच आठवड्यांत मॉस्कोच्या एकाच सरकारी इमारतींत येऊन धडकले होते. त्या खेळाचें नांव टेट्रिस.

खेळ सांगावयास चार वाक्यें पुरतात. दहा घरें रुंद आणि वीस घरें उंच अशी एक उभी, रिकामी विहीर पडद्यावर दिसते. तिच्या तोंडांतून चार चार चौरसांचे बनलेले ठोकळे एकामागून एक खालीं येत राहतात, आणि ते पडतां पडतां फिरवून, डावीउजवीकडे सरकवून अशा रीतीनें बसवावयाचे कीं आडवी रांग सलग भरावी. भरलेली रांग नाहींशी होते व वरचा ढीग एका घरानें खालीं उतरतो. रांगा भरल्या नाहींत तर ढीग चढत चढत विहिरीच्या कांठाला लागतो आणि खेळ संपतो. यांत राजा नाहीं, वजीर नाहीं, शत्रु नाहीं, कथा नाहीं. इतकेंच काय, जिंकणेंहि नाहीं. हरणें जितकें लांबवितां येईल तितकें यश.

असें असूनहि गेलीं चाळीस वर्षें जगांतील माणसें आगगाडींत, कचेरींत आणि झोपण्यापूर्वीं अंथरुणांत हे ठोकळे रचीत आहेत. महाराष्ट्रांत हा खेळ पुष्कळ घरांत पोहोंचला तो त्याच्या खऱ्या नांवानें नव्हे. १९९० नंतरच्या दशकांत खेळण्यांच्या दुकानांतून चिनी बनावटीचें एक स्वस्त यंत्र विकलें जाऊं लागलें. त्यावर ‘ब्रिक गेम’ असें लिहिलेलें असे आणि एकांत ९९९९ खेळ असल्याची ग्वाहीहि छापलेली असे. प्रत्यक्षांत मोजक्याच खेळांची ती उलटापालट होती, आणि त्यांतला मुख्य खेळ हाच. मुलें पांघरुणाखालीं तो खेळत. ‘डोळे जातील’ म्हणून वडीलधारीं माणसें यंत्र काढून घेत, आणि मग स्वतःच रात्रीं उशिरापर्यंत ठोकळे बसवीत बसत. हा खेळ एका रशियन गणितज्ञाच्या डोक्यांतून निघाला आहे, याची वार्ता त्या घरांत फारशी कोणाला नसे.

मॉस्को शहरांतील वाविलोव्ह रस्त्यावर सोव्हिएट विज्ञान अकादमीचें संगणक केंद्र होतें. तेथें अलेक्सेइ पाजित्नोव्ह हा तरुण १९८४ सालीं कामाला होता. यंत्राला मनुष्याची वाणी ओळखतां यावी, त्यानें कांहीं अंशीं मनुष्याप्रमाणें विचार करावा, अशा प्रकारच्या संशोधनांत तो गुंतलेला असे. नवें यंत्र आलें कीं त्याची शक्ति अजमावून पाहण्यासाठीं त्याला एखादें काम द्यावें लागतें. पाजित्नोव्ह हें काम कोड्यांच्या आणि खेळांच्या रूपानें देई. वरिष्ठांनीं विचारलें तर ‘यंत्राची परीक्षा चालली आहे’ असें उत्तर तयार असे, आणि तें खोटेंहि नव्हतें.

कोड्यांचा त्याला लहानपणापासून नाद होता. पांच चौरस कडेला कड लावून जोडले तर त्यांचे बारा निरनिराळे आकार होतात. लांकडाचे हे बारा तुकडे एका पेटींत नेमके बसवावयाचे, असें एक कोडें त्याच्या संग्रहीं होतें. या आकारांचा इतिहास त्याच्याहि आधींचा. इंग्रज कोडेकार हेन्री ड्युडनी यानें १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत तुटलेल्या बुद्धिबळाच्या पटाचें कोडें घातलें होतें तें याच बारा आकारांचें, आणि पुढें १९५३ सालीं अमेरिकन गणितज्ञ सॉलोमन गोलोम्ब यानें अशा साऱ्या आकारांना एक सामान्य नांव देऊन त्यांचें शास्त्रच उभें केलें. पाजित्नोव्हच्या मनांत आलें कीं, हे तुकडे पेटींत ठेवण्याऐवजीं पडद्यावर आणावे आणि खेळणाऱ्याला ते विचार करण्यास फुरसत न देतां एकामागून एक द्यावे.

यंत्राची गरिबी येथें उपयोगी पडली. ‘एलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्राला चित्रें काढतां येत नसत; त्याच्या पडद्यावर केवळ अक्षरें आणि चिन्हें उमटत. तेव्हां पाजित्नोव्हनें दोन चौकोनी कंस शेजारीं शेजारीं ठेवून त्यांचाच एक चौरस केला. पांच चौरसांचे बारा आकार मनुष्याच्या ध्यानांत क्षणार्धांत येत नाहींत, म्हणून त्यानें चारच चौरस घेतले. गंमत अशी कीं, लांकडी तुकडा हातांत घेऊन उलथा करतां येतो, तसा पडद्यावरचा करतां येत नाहीं. तो नुसता फिरवितां येतो. त्यामुळें टेबलावर जे आकार पांचच मानले असते ते पडद्यावर सात झाले, कारण डाव्या हाताचा आकार आणि उजव्या हाताचा आकार तेथें निराळे ठरतात. सात ही संख्या मनाला नेमकी पेलवते. आणखी एक अडचण राहिली होती. ठोकळ्यांनीं विहीर कांहीं क्षणांतच भरून जाई आणि खेळ सुरू होतो न होतो तोंच संपे. भरलेल्या रांगा तशाच ठेवून काय उपयोग? त्या पुसून टाकाव्या, ही युक्ति त्याला सुचली आणि खेळाला प्राण आला. खेळणाऱ्याचें नीट केलेलें काम नाहींसें होतें आणि त्याच्या चुका तेवढ्या ढिगांत शिल्लक राहून डोळ्यांपुढें येतात. या खेळाची सारी जादू याच एका नियमांत आहे. ग्रीक भाषेंत चाराला ‘टेट्रा’ म्हणतात, आणि पाजित्नोव्हचा आवडता मैदानी खेळ टेनिस; दोहोंचा सांधा जुळवून त्यानें नांव ठेवलें.

पुढें त्याचा सहकारी द्मित्री पाव्लोव्स्की आणि वादिम गेरासिमोव्ह हा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा यांच्या मदतीनें तो खेळ आय.बी.एम. जातीच्या यंत्रांवर आला. ठोकळ्यांना रंग मिळाले. मग तो कोणाच्या हातीं राहिला नाहीं. चकत्यांवर उतरवून घेऊन एकानें दुसऱ्याला द्यावा, दुसऱ्यानें तिसऱ्याला, अशा रीतीनें मॉस्कोंतील संगणक असलेली प्रत्येक संस्था त्यानें पाहतां पाहतां व्यापली. पैसे कोणीं मागितले नाहींत व दिलेहि नाहींत. सरकारी संस्थेंत, सरकारी यंत्रावर, सरकारी नोकरानें केलेली वस्तु त्यानें स्वतः विकणें हें त्या देशांत शक्य नव्हतें. आणि यंत्राला दिलेल्या आज्ञांची मालिका ही एक विकण्याची वस्तु आहे, ही कल्पनाच तेथें नवी होती. पाजित्नोव्हनें आपले हक्क दहा वर्षांसाठीं आपल्या संस्थेच्या, म्हणजे पर्यायानें सरकारच्या, स्वाधीन केले. तसें न करतां तो अडून बसला असता तर खेळ देशाबाहेर गेलाच नसता, आणि कदाचित् त्यालाहि त्रास झाला असता. हें त्याचें औदार्य मानावें कीं व्यवहारज्ञान मानावें, याचा निवाडा करणें कठीण आहे. बहुधा दोन्ही होतीं.

१९८६ सालीं या खेळाची एक प्रत हंगेरीच्या राजधानींत, बुडापेस्टच्या एका संगणक संस्थेंत, पोहोंचलेली होती. तेथें रॉबर्ट स्टाइन या व्यापाऱ्याची तिच्यावर नजर पडली. स्टाइन मूळचा हंगेरीचाच, पण लंडनला स्थायिक झालेला. पूर्व युरोपांतील संगणकाचे खेळ स्वस्तांत घेऊन पश्चिमेंत विकणें हा त्याचा धंदा. त्यानें मॉस्कोला टेलेक्सनें विचारणा केली. पाजित्नोव्हनें मोडक्यातोडक्या इंग्रजींत उत्तर पाठविलें कीं आम्हांस यांत रस आहे व बोलणें पुढें चालवावें. त्याच्या मनानें ती बोलण्याची सुरवात होती. स्टाइनच्या मनानें तो करार होता. सहीचा कागद हातांत नसतांना त्यानें इंग्लंडांतील मिररसॉफ्ट आणि अमेरिकेंतील स्पेक्ट्रम होलोबाइट या कंपन्यांना खेळाचे हक्क विकून टाकले. दोन्ही कंपन्या रॉबर्ट मॅक्सवेल या वृत्तपत्रसम्राटाच्या पंखाखालच्या. त्यांनीं त्या हक्कांचे पुनः तुकडे केले: एकीनें अमेरिकेंतील अटारी गेम्सला विकले, दुसरीनें जपानांतील हेंक रॉजर्सला. शेत एकाचें, सातबारा दुसऱ्याच्या नांवें आणि पीक तिसऱ्याच्या खळ्यांत, असा तो मामला झाला.

१९८८ च्या आरंभीं खेळ पश्चिमेच्या बाजारांत आला तेव्हां त्याच्या रशियनपणाचेंच भांडवल करण्यांत आलें. पेटी तांबडी, तिच्यावर मॉस्कोच्या सेंट बेसिल मंदिराचे घुमट, आणि लोखंडी पडद्याआडून आलेला खेळ अशी जाहिरात. ज्याच्या मुलखाचें हें कौतुक चाललें होतें त्या मनुष्याला मात्र या व्यापाराची धड कल्पना नव्हती. अखेर परदेशी व्यापार पाहणाऱ्या ‘एलोर्ग’ या सरकारी संस्थेनें प्रकरण आपल्या हातीं घेतलें, आणि त्याच वर्षीं स्टाइनशीं रीतसर करार केला. विकून झालेल्या मालाचा खरेदीखत मागाहून व्हावा, असा हा उफराटा क्रम होता.

रॉजर्सची हकीकत थोडी निराळी. जन्मानें डच, वाढलेला अमेरिकेंत, संसार थाटलेला जपानांत. १९८८ च्या जानेवारींत लास व्हेगस येथील प्रदर्शनांत त्यानें हा खेळ पाहिला आणि आपली पाळी संपली कीं तो पुनः रांगेच्या शेवटीं जाऊन उभा राहूं लागला. इतके शेंकडों खेळ मांडलेले असतां आपण पुनः पुनः याच एका यंत्रापाशीं येत आहों, हीच त्याला खेळाच्या योग्यतेची खूण वाटली. जपानांतील निंटेंडो ही कंपनी त्या सुमारास हातांत धरून खेळावयाचें एक लहान यंत्र बाजारांत आणण्याच्या तयारींत होती. रॉजर्सनें कंपनीच्या अमेरिकेंतील प्रमुखाला पटविलें कीं, यंत्राबरोबर केवळ मुलांना रुचणारा खेळ द्याल तर तें मुलेंच घेतील, टेट्रिस द्याल तर सगळेच घेतील. परंतु हातांतल्या यंत्राचे हक्क कोणापाशीं होते? स्टाइन ‘आज मिळवितों, उद्यां मिळवितों’ म्हणत राहिला. रॉजर्सचा धीर सुटला.

१९८९ च्या फेब्रुवारींत तो साध्या प्रवाशाच्या परवान्यावर मॉस्कोंत उतरला. कोणाचें आमंत्रण नाहीं, भेट ठरलेली नाहीं, रशियन भाषेचें अक्षर येत नाहीं. एलोर्गची कचेरी कोठें आहे हेंहि त्याला ठाऊक नव्हतें. प्रवाशाच्या परवान्यावर येऊन व्यापाराचें बोलणें करणें हा त्या देशांत गुन्हा होता. दुभाष्याची मदत घेऊन तो कसाबसा त्या दारापर्यंत पोहोंचला आणि आंत शिरला. आंत निकोलाय बेलिकोव्ह हा अधिकारी बसला होता.

बेलिकोव्हचें नांव या कथेंत फारसें घेतलें जात नाहीं, आणि हा अन्याय आहे. पश्चिमेच्या व्यापाराचा अनुभव नसलेल्या या सरकारी कारकुनी जगांतील माणसानें त्या आठवड्यांत जें चातुर्य दाखविलें तें एखाद्या मुत्सद्द्याला शोभावें. रॉजर्सनें मोठ्या अभिमानानें जपानांत लाखोंनीं खपलेली आपली कॅसेट त्याच्यापुढें ठेवली: दूरदर्शनच्या पडद्याला जोडावयाच्या खेळयंत्राची ती कॅसेट होती. बेलिकोव्ह चकित झाला, आणि पुढच्या क्षणीं रागावला. असल्या यंत्राचे हक्क एलोर्गनें कोणालाच दिलेले नव्हते! म्हणजे समोर बसलेला गृहस्थ त्याच्या दृष्टीनें चोर होता. रॉजर्सचा चेहरा उतरला. त्यानें आपण कोणाकडून, कोणत्या कागदावर हक्क घेतले तें सारें सरळ सांगून टाकलें, आणि तोपर्यंतच्या विक्रीचा मोबदलाहि देऊं केला. हा सरळपणाच त्याला तारून गेला. त्याच भेटींत पाजित्नोव्हशीं त्याची ओळख झाली. रॉजर्स स्वतः खेळ रचणारा, पाजित्नोव्हहि तसाच. दोघांना एकमेकांची भाषा कमी आणि विषय पुरेपूर कळत होता. त्या दिवसांपासून जमलेली मैत्री पुढें कायम राहिली.

इतक्यांत स्टाइनहि मॉस्कोंत येऊन पोहोंचला होता, आणि वृत्तपत्रसम्राट मॅक्सवेल याचा मुलगा केव्हिन हाहि. तिघेहि एकाच कामासाठीं आलेले. बेलिकोव्हनें तिघांना निरनिराळ्या वेळीं भेटविलें. स्टाइनपुढें त्यानें कराराची सुधारलेली प्रत ठेवली. तींत पैसे भरण्यास उशीर झाल्यास जबर दंड लिहिलेला होता. स्टाइनची सारी दृष्टि त्या दंडावर खिळली, त्यावरच त्यानें वाद घातला आणि अखेर सही केली. त्याच कागदांत दुसरीकडे एक निरुपद्रवी दिसणारी व्याख्या घातलेली होती: संगणक म्हणजे प्रक्रियायंत्र, पडदा, चकत्यांची पेटी, कळफलक आणि चालक प्रणाली हीं ज्यांत आहेत तें यंत्र. दूरदर्शनला जोडावयाच्या खेळयंत्राला कळफलक नसतो, हातांत धरावयाच्या यंत्राला तर यांतलें बरेंच कांहीं नसतें. एका ओळीनें स्टाइनच्या हातून अर्धें जग निसटलें, आणि तें त्याच्या ध्यानांत आलें तोंवर शाई वाळली होती.

केव्हिन मॅक्सवेलची गोष्ट त्याहून गमतीची. बेलिकोव्हनें रॉजर्सची कॅसेट त्याच्यापुढें करून ‘हें काय?’ म्हणून विचारलें. कॅसेटवर त्याच्याच घरच्या मिररसॉफ्ट कंपनीचें नांव हक्कदार म्हणून छापलेलें होतें. परंतु आपल्या कंपनीनें कोणाला काय विकलें आहे याचा त्याला पत्ता नव्हता. ही चोरीची नक्कल असली पाहिजे, असें तो म्हणाला. म्हणजे असल्या यंत्राचे हक्क आपल्याकडे नाहींत हें त्यानें आपल्याच तोंडानें कबूल केलें. हातांत धरावयाच्या यंत्राचे हक्क रॉजर्सला मिळाले. मार्च महिन्यांत निंटेंडोचे अधिकारी मॉस्कोस आले आणि दूरदर्शनच्या खेळयंत्राचेहि हक्क त्यांनीं सहीशिक्क्यानिशीं घेतले.

मॅक्सवेल कुटुंब एवढ्यानें स्वस्थ बसणारें नव्हतें. थोरल्या मॅक्सवेलनें आपलें वजन सोव्हिएट सरकारांत खर्च केलें, गाऱ्हाणें थेट गोर्बाचेव्हपर्यंत नेलें. बेलिकोव्हवर दडपण आलें. एका खेळाच्या करारापायीं आपली नोकरी, आणि त्याहून अधिक कांहीं, जाईल कीं काय अशी त्याची स्थिति झाली. पण त्यानें सही मागें घेतली नाहीं. अमेरिकेंत अटारी गेम्सनें आपल्या टेंगेन या शाखेमार्फत मे महिन्यांत खेळ बाजारांत आणला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयांत दावा लागला आणि जूनमध्यें न्यायमूर्ति फर्न स्मिथ यांनीं मनाईहुकूम काढला. जेमतेम महिनाभर विकली गेलेली ती कॅसेट दुकानांतून परत गेली आणि उरलेला माल कोठारांत पडून राहिला. (खेळाडूंच्या मतें कांहीं बाबतींत ती अधिक सरस होती, पण न्यायालयांत सरसपणाला किंमत नसते.)

निंटेंडोचें ‘गेम बॉय’ हें यंत्र १९८९ च्या एप्रिलमध्यें जपानांत आणि जुलैच्या अखेरीस अमेरिकेंत विक्रीस आलें. गुनपेइ योकोइ यांच्या देखरेखीखालीं झालेलें हें यंत्र रंगहीन, हिरवट पडद्याचें होतें. पण टिकाऊ आणि बॅटरीची काटकसर करणारें. अमेरिकेंत त्याच्या पेटींतच टेट्रिसची कॅसेट घातलेली असे. जपानी यंत्र, रशियन कोडें, आणि वर नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेवरून आलेल्या ‘कोरोबेय्निकी’ या फेरीवाल्यांच्या रशियन लोकगीताची चाल: या त्रिवेणीनें वेड लावलें. त्या एका कॅसेटचा खप साडेतीन कोटींच्यावर गेला. १९९३ सालीं अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह या अंतराळवीरानें आपलें गेम बॉय आणि ही कॅसेट ‘मीर’ अंतराळस्थानकावर नेली. पृथ्वीभोंवतीं फिरतां फिरतां हे ठोकळे तेथेंहि पडत राहिले, आणि वजन नसलेल्या जागीं वस्तु खालीं पडतांना पाहावयास मिळण्याचें तें एकच ठिकाण असावें.

या साऱ्यांत कर्त्याला काय मिळालें? पहिलीं कित्येक वर्षें जवळ जवळ कांहीं नाहीं. संस्थेनें त्याला एक संगणक दिला, त्या काळच्या मॉस्कोंत ही लहान देणगी नव्हे; पण खपाचा एक पैसाहि त्याच्या वांट्याला आला नाहीं. १९९१ सालीं तो अमेरिकेस गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएट राज्यच राहिलें नाहीं. एलोर्ग मात्र खासगी कंपनी होऊन राहिली. दहा वर्षांची मुदत संपली तेव्हां, १९९६ सालीं, रॉजर्सच्या साह्यानें टेट्रिस कंपनी स्थापन झाली व पाजित्नोव्हला आपल्या खेळाचा मोबदला प्रथमच मिळूं लागला. एलोर्गचा उरलेला वांटा २००५ सालीं विकत घेण्यांत आला. या प्रसंगांवर २०२३ सालीं एक चित्रपट निघाला. त्यांत मॉस्कोच्या रस्त्यांतून मोटारींचा जो धुमाकूळ दाखविला आहे तो कल्पनेचा. खरें युद्ध टेबलावर, कागदावर आणि एका व्याख्येवर झालें.

आणि ज्यानें एकेकाळीं आपला खेळ चकत्यांवरून फुकट वांटला, त्याच्याच नांवाची कंपनी पुढें नकला करणाऱ्यांवर दावे लावूं लागली. २०१२ सालीं न्यू जर्सीच्या न्यायालयांत एका लहानशा कंपनीनें असा बचाव केला कीं आपण नियम तेवढे घेतले, आणि नियमांवर कोणाची मालकी नसते. न्यायालयानें हें तत्त्व मान्य केलें. परंतु विहिरीचें माप, ठोकळ्यांचीं रूपें, त्यांच्या पडण्याची व बसण्याची तऱ्हा हीं केवळ नियम नसून रचना आहे, असें ठरवून निकाल उलट दिला. सारीपाटाच्या अनामिक कर्त्याला असा निकाल मिळाला असता तर पट किती घरांत पोहोंचला असता, हा विचार करण्यासारखा आहे. उलट, पाजित्नोव्हला हक्क परत मिळाले नसते तर तें न्यायाचें झालें असतें काय, हाहि.

खेळाचा मनावर काय परिणाम होतो हें पाहणाऱ्यांनाहि त्यानें काम दिलें. तासन् तास खेळल्यावर डोळे मिटले तरी ठोकळे पडतांना दिसतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यानें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सत्तावीस लोकांना टेट्रिस खेळावयास लाविलें. त्यांत पांच असे होते कीं ज्यांची नवी स्मृति मेंदूच्या विकारामुळें नष्ट झाली होती. आपण खेळ खेळलों हेंच त्यांना आठवत नसे. तरीहि झोंप लागतांना त्यांतल्या तिघांनीं पडणारे आकार दिसल्याचें सांगितलें! पुढें ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयांत, मोटारीच्या अपघातांतून नुकत्याच आलेल्या एकाहत्तर लोकांपैकीं कांहींना हा खेळ खेळविण्यांत आला. त्या प्रसंगाचीं भयानक चित्रें मनांत परत परत उठण्याचें प्रमाण पुढच्या आठवड्यांत त्यांच्यांत सरासरी बासष्ट टक्क्यांनीं कमी राहिलें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. मनाचा चित्रफलक ठोकळ्यांनीं अडविला कीं भीतीला तेथें जागा मिळत नाहीं, अशी त्यामागची उपपत्ति.

गणितज्ञांनीं निराळा प्रश्न घेतला: चुका न करणारा खेळाडू हा खेळ अनंत काळ चालवूं शकेल काय? हायडी बर्गियल हिनें १९९७ सालीं सिद्ध केलें कीं, डावे व उजवे नागमोडी ठोकळेच आळीपाळीनें येत राहिले तर सत्तर हजार ठोकळे पडण्यापूर्वीं कोणताहि खेळाडू हरतोच. मनुष्यानें मात्र हरण्याची वेळ दूर ढकलण्याचा उद्योग सोडला नाहीं. निंटेंडोच्या जुन्या दूरदर्शन-यंत्रावर एकोणतिसाव्या पायरीला ठोकळा विहिरीच्या तोंडापासून तळापर्यंत एकतृतीयांश सेकंदांत येतो. बोटें त्या वेगानें चालणें अशक्य, म्हणून तोच खेळाचा अंत असें वीस वर्षें समजलें जाई. २०१० पासून या जुन्या यंत्रावर अमेरिकेंत अजिंक्यपदाचे सामने होऊं लागले. जोनस नॉयबाउअर हा त्यांत सात वेळां विजयी झाला. २०१८ सालीं त्याला हरविलें तें जोसेफ सेली या सोळा वर्षांच्या मुलानें, ज्याच्या जन्मापूर्वींच तें यंत्र जुनें झालें होतें. हरल्यावर नॉयबाउअरनें त्या मुलाचें मोकळ्या मनानें कौतुक केलें. २०२१ च्या आरंभीं, चाळिशीहि गांठण्यापूर्वीं, तो वारला.

त्यानंतरच्या मुलांनीं कळ दाबण्याची रीतच उलटी केली. अंगठा कळीवर नुसता टेकवावयाचा आणि दुसऱ्या हाताचीं बोटें यंत्राच्या पाठीवर तबलजीसारखीं एकामागून एक उतरवावयाचीं; प्रत्येक बोटाचा आघात अंगठ्याला कळीवर ढकलतो. या युक्तीनें एकोणतिसावी पायरी मागें पडली. २१ डिसेंबर २०२३ रोजीं ओक्लाहोमा राज्यांतील स्टिलवॉटर येथील विलिस गिबसन या तेरा वर्षांच्या मुलानें एकशें सत्तावन्नावी पायरी गांठली, आणि तेथें यंत्राला हिशेब झेपेना. पडदा जागच्या जागीं थिजला. खेळणाऱ्याऐवजीं खेळच हरला होता. त्याच महिन्यांत त्या मुलाचे वडील वारले होते. हा पराक्रम त्यानें त्यांच्या स्मृतीस वाहिला. इंग्लंडांतील एका वृत्तनिवेदिकेनें मात्र, जरा बाहेर जावें, मोकळी हवा खावी, असा त्याला दूरवरून उपदेश केला, आणि त्याबद्दल तिलाच लोकांचे बोल ऐकावे लागले. पांघरुणाखालचें यंत्र काढून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांची जात सगळीकडे सारखी.

पडदा थिजतो तर त्याच्या पलीकडे काय आहे, हें पाहण्याची इच्छा तरीहि राहिली. यंत्र मध्येंच बंद पडूं नये एवढीच दुरुस्ती केलेल्या प्रतीवर मायकेल आर्टियागा हा तरुण २०२४ च्या ऑक्टोबरमध्यें खेळावयास बसला. दोनशें पंचावन्नाव्या पायरीपुढची संख्या त्या जुन्या यंत्राच्या मोजणींत बसतच नाहीं. ती पायरी त्यानें ओलांडली तेव्हां आंकडा शून्यावर गेला, आणि विहिरीच्या तोंडांतून ठोकळे पहिल्याप्रमाणें अगदीं सावकाश खालीं येऊं लागले.